चाकाखालचा नारळ

नातीची बिदाई आपल्या अ‍ॅम्बेसेडरमधून होणार हे ठरलं आणि सुखरामजींच्या तोंडचं पाणी पळालं. "आबाजी, मी जाईन तं तुमच्याच गाडीत," असं अपेक्षाने जाहीर केलं होतं. कटंगीच्या नवरदेवाकडूनही होकार आला. सगळे खूश झाले. फक्त सुखरामजींची बायको पुष्पलताबाई पदराआड हसल्या.

त्या हसण्याला पंचेचाळीस वर्षांचा इतिहास होता. परसवाड्याला त्यांच्या लग्नात ड्रायव्हर पंगतीतून उठेना, म्हणून नवरदेव स्वतःच याच गाडीच्या स्टिअरिंगवर बसले. रिवाजाप्रमाणे चाकाखाली नारळ ठेवला होता. सुखरामजींनी क्लच सोडला, गाडीने नारळाला स्पर्श केला, एक उचकी दिली आणि बंद पडली. दोनदा, तीनदा. शेवटी नवरीच्या भावांनी गाडी वेशीपर्यंत ढकलत नेली. तेव्हापासून घरात काहीही अडलं, कुकरची शिट्टी असो की पेन्शनची फाईल, की पुष्पलताबाई म्हणायच्या, "नारळ आला असंन चाकाखाली."

सुखरामजींचा जन्म शाळेच्या ग्रंथालयात गेलेला. अडचण आली की पुस्तक उघडायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मोटारींवरचं एक जुनं पुस्तक त्यांच्या कपाटात होतं. मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी गाडी जागेवरून झपकन कशी काढावी, यावर त्यात अख्खं प्रकरण निघालं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा, इंजिनाचा आवाज चढू द्यावा. क्लच हळूहळू सोडावा आणि गाडी पकड घेते असं वाटताच हँडब्रेक सोडावा. फार दाबलं तर चाकं जागीच फिरतात. मागे वजन असावं. नजर समोर असावी.

रोज सकाळी नदीकाठच्या मैदानावर सराव सुरू झाला. नारळावरूनच.

"काहो, लगन नातीचं हाय का नारळाचं?" पुष्पलताबाईंनी विचारलं.

"सराव करून राह्यलो."

"तुमी सराव करून राह्यले अन् आमी आठ दिवसांपासून खोबऱ्याची चटणी खाऊन राह्यलो!"

लग्नाच्या दिवशी सुखरामजींनी डिक्कीत तांदळाचे दोन कट्टे ठेवले. मागे वजन झालं. पण बिदाईच्या ऐन वेळी नातू राहुल धावत आला. "आबाजी, डिक्की में चावल कौन भूल गया? मैंने निकालके दीदी की साड़ियाँ रख दीं."

साड्यांचं कितीसं वजन होणार? सुखरामजींना घाम फुटला. त्यात धूळ बसावी म्हणून मांडवासमोर टँकरने पाणी मारलेलं, आणि राहुल मित्रांना घेऊन गाडीमागे उभा.

"ढकलू नका रे!" सुखरामजी कळवळून म्हणाले.

"धक्का तो देना पड़ता है, आबाजी. रिवाज है."

"हात लावा. फक्त हात!"

ते आत बसले. बाहेर रडारड टिपेला पोचली होती. मागचं दार उघडलं, कोणीतरी बसलं, सीट करकरली, दार धाडकन लागलं. सुखरामजींनी मागे पाहिलं नाही. रडणारी नात पाहिली असती तर त्यांचाच बांध फुटला असता. शिवाय पुस्तकात 'नजर समोर' असं स्पष्ट लिहिलं होतं.

इंजिनाचा आवाज चढला. क्लच. हँडब्रेक. मागची चाकं क्षणभर जागीच गरगरली, चिखलाचा फवारा उडाला, आणि मग पकड बसली. फाट्! नारळ फुटला आणि गाडी सुटली. बाजूच्या आरशात राहुल आणि नवरदेवाची पगडी, दोन्ही एकाच रंगाची दिसली. लोक हात हलवत काहीतरी ओरडत होते. सुखरामजींना ती शाबासकी वाटली.

मागून दबलेले हुंदके येत होते.

"रडू नको माय. कटंगी काय दूर हाय? पाह्यलं, कशी सुटली गाडी? तुह्या आजीले सांगजो. जल्मभर टोमणे मारले तिनं." हुंदके वाढले, तसा त्यांचा आवाज हळवा झाला. "पण तिचं बरोबर हाय. शिकलेली पोरगी, माह्या घरी येऊन पुस्तकाच्या धुळीत बसली. मले नेहमी वाटे, त्या दिवशी गाडी नाई, तिचा जल्मच मी अडकवला. तिले कधी म्हणलो नाई."

हुंदके थांबले.

"मंग आता म्हणा नं," मागून आवाज आला.

सुखरामजींनी आतला आरसा वळवला. मांडीवर लाडवांचा डबा, तोंडात पदराचा बोळा, हसून हसून ओले झालेले डोळे. पुष्पलताबाई!

"तू? अन् अपेक्षा?"

"अजून मायच्या गळ्यात पडून हाय. मी डबा ठेवाले बसली, तं तुमी उडालेच!"

त्यांनी घाईघाईने गाडी कडेला घेतली. "वापस फिरवतो."

"थांबा." पुष्पलताबाईंनी डोळे पुसले. ते आता नुसते हसण्याने ओले नव्हते. "वैनगंगेच्या पुलापर्यंत चला आधी. त्या टायमाले माह्ये भाऊ पायी ढकलत होते, मले गाडीत बसाची लाज वाटे. आज बसू द्या."

"लोकं काय म्हणतीन?"

"चिखल धुवाले त्याइले टाइम लागंन."

इतक्यात सुखरामजींच्या खिशातला फोन वाजला. पुष्पलताबाईंनी पुढे वाकून तो काढून घेतला. पलीकडून अपेक्षा रडत होती की हसत होती, ते कळेना. "आबाजी, आजीले घेऊन कुठं गेले तुमी?"

"येतो वं बाई, अर्ध्या घंट्यात," पुष्पलताबाई ऐटीत मागे टेकून म्हणाल्या. "तवरिक नवा नारळ काढून ठेव."