सहा हजारांचा गार्ड

बास्केटबॉल हा चेंडू जाळीतून खाली टाकण्याचा खेळ आहे, अशी समजूत असलेली माणसे सभ्य समाजात अजूनही आढळतात. वास्तविक हा खेळ पगारपत्रकाचा. चेंडू मागाहून आला, आणि तो प्रेक्षकांच्या सोयीसाठी ठेवण्यात आलेला आहे.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइप कारखान्याचा 'हमरिया हॉक्स' हा संघ ज्या व्यावसायिक लीगमध्ये खेळे, तिचे नियमपुस्तक एकशे बारा पानांचे होते. त्यात खेळाविषयी दोन पाने होती (पैकी एक बुटांवर). उरलेल्या एकशे दहा पानांचा मथितार्थ असा, की संघाच्या सगळ्या खेळाडूंचा महिन्याचा पगार मिळून चाळीस हजार दिरहमच्या वर जाऊ नये. या मर्यादेला कॅप म्हणत. ती ओलांडली तर नवा माणूस घेता येत नाही, फक्त अदलाबदल करता येते, आणि तीही जेवढा पगार येईल तेवढाच पाठवून. नवा करार झालेल्या खेळाडूला नव्वद दिवस हलवायचे नाही. आणि फेब्रुवारीतल्या दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला सगळेच बंद.

या सुज्ञ नियमांमुळे आठही संघ फेब्रुवारीपर्यंत काहीच करत नसत. आतापर्यंतच्या एकोणतीस अदलाबदलींपैकी सत्तावीस त्या गुरुवारी पावणेपाच ते पाचच्या दरम्यान झाल्या होत्या. उरलेल्या दोन घड्याळ पुढे असल्यामुळे थोड्या आधी झाल्या. मधल्या काळात सामने खेळवत.

हॉक्सचे कॅप मॅनेजर सदानंद परुळेकर. त्यांनी उभ्या जन्मात चेंडूला हात लावला नव्हता, आणि त्यामुळे त्यांचा निर्णय नेहमी निःपक्षपाती असे. बारा वर्षे त्यांनी शारजाहून दुबईला नोकरीसाठी ये-जा केली होती, रोज गाडीत तीन तास. हमरियात नोकरी लागली आणि ऑफिस घरापासून वीस मिनिटांवर आले. तेव्हापासून संध्याकाळी साडेपाचला बाल्कनीत चहाचा कप घेऊन बसायचे आणि दुबईकडून सरपटत येणारी गाड्यांची रांग बघायची, हा त्यांचा नेम होता. याहून मोठे सुख त्यांना ठाऊक नव्हते आणि ते लपवण्याइतके ते खोटेही नव्हते.

संघ मात्र बारापैकी अकरा सामने हरला होता. कारण शास्त्रीय होते: हॉक्स कॅपच्या चार हजार वर होते, त्यामुळे चांगला माणूस घेता येत नव्हता. सदानंद दर महिन्याला कारखान्याच्या शेठना हे रंगीत आलेखांसह समजावून सांगत. पाचव्या आलेखाला शेठ म्हणाले, "गुरुवारपर्यंत तो गणू नाही आला, तर टीम खलास. बाराही पोरांचे व्हिसा कॅन्सल."

गणू दुबईतल्या रास अल खोरच्या संघात होता. मूळचा गुहागरचा, उंची सहा फूट पाच इंच. पूर्वी साइटवर परांची बांधायचा. त्याच्या नव्या कराराचे नव्वद दिवस नेमके त्या गुरुवारी भरत होते. त्या संघाचा मॅनेजर सुजीत पुण्याचा, म्हणजे बोलणे मुद्देसूद.

"गणू देतो की, सदानंदराव. सहा हजार दिरहम, म्हणजे एक लाख चव्वेचाळीस हजार रुपये. पण मला तेवढ्याच पगाराचा, या सीझनला कॉन्ट्रॅक्ट संपणारा माणूस पाठवा. पुढच्या वर्षी तेवढी कॅप मोकळी होते ना. खेळता येत नसलं तर उत्तमच. उगाच रिन्यू करायचा मोह नको."

गुरुवारी चार चाळीसला सदानंद रजिस्टर उघडून बसले. शाळेतून परस्पर आलेली त्यांची मुलगी मुग्धा समोर वेफर्स खात होती. पहिल्या बारा नावांत चार हजारांच्या वर कुणीच नव्हते. तेराव्या ओळीवर मात्र त्यांचे बोट थांबले: गार्ड, सहा हजार, करार सीझनअखेर. असा हिरा आपल्याच संघात पडून होता आणि कुणी बोलले नाही, याचा त्यांना क्षणभर रागच आला. मग त्यांनी नाव वाचले. एस. परुळेकर.

नियमाप्रमाणे यादीत तेरा नावे लागत आणि हॉक्सकडे माणसे बारा होती, म्हणून सदानंदनी सप्टेंबरात तेरावे नाव स्वतःचे घातले होते. मानधन अडीचशे दिरहम. फॉर्म भरताना सवयीने ते मोठ्याने म्हणाले होते, "म्हणजे सहा हजार रुपये," आणि तोंडाने म्हटले तेच हाताने लिहिले. हॉक्सचा सगळ्यात महागडा खेळाडू वर्षभर हॉक्सच्या दारिद्र्याचे आलेख काढत होता. त्यांना मनापासून लाज वाटली.

त्यांनी लीगच्या रजिस्ट्रार फिरदोस मॅडमना फोन लावला.

"करेक्शन? चौदा वर्किंग डेज, इन्शाल्ला," मॅडम म्हणाल्या. "ट्रेड दो मिनिट में हो जाता है. यल्ला, जल्दी बोलो."

मुग्धाने रजिस्टर आपल्याकडे वळवून वाचले.

"बाबा, यू आर ॲन एक्स्पायरिंग कॉन्ट्रॅक्ट," ती आदराने म्हणाली. हा आदर तिच्या आवाजात ते प्रथमच ऐकत होते. "बट यू कान्ट इव्हन ड्रिबल."

"सुजीतकाकांना तेच हवंय," सदानंद म्हणाले.

व्हिसा जातो तिथे माणूस जातो, हा नियम त्यांना पाठ होता (पान चौसष्ट). एका बाजूला बारा पोरे आणि दुसऱ्या बाजूला बाल्कनीतला चहा. चार अठ्ठावन्नला त्यांनी दोन सह्या केल्या, एक पाठवणारा म्हणून आणि एक जाणारा म्हणून.

गणू आल्यावर हॉक्सने सातपैकी सहा सामने जिंकले. बारा व्हिसे शाबूत आहेत. सदानंद रास अल खोरच्या बाकावर बसतात आणि रोज तीन तास त्या रांगेत असतात. त्यांची गाडी आपल्या इमारतीजवळ आली की पत्नी अनुपमा बाल्कनीतून चहाचा कप दाखवते. दुरुस्ती चौदाव्या दिवशी मंजूर झाली. ते आता अडीचशेचे गार्ड आहेत, आणि अदलाबदल कायम आहे. मोकळी कॅप लगेच हाती आली म्हणून सुजीतने त्यांना पेढे दिले.

ही चूक आपल्याकडून झाली नसती, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. मात्र वर चाळीस हजार दिरहम असा उल्लेख आला, त्याचे रुपये या कथेत कुठेही दिलेले नाहीत. तरी तुम्ही ते मनात केलेत. नऊ लाख साठ हजार. बरोबर आहे. हॉक्सच्या कॅप मॅनेजरची जागा सध्या रिकामी आहे. फॉर्म सोबत जोडला असून पगाराचा रकाना उमेदवाराने स्वतःच भरायचा आहे.