मेथीखालचा लॅपटॉप

दशरथ साटमांनी घराबाहेर बसून काम करायचं ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

साटम म्हणजे विमा कंपनीत क्लेम तपासणारा माणूस. दुसऱ्याची गाडी कुठे आणि कशी ठोकली गेली, हे सिल्व्हर पार्क सोसायटीतल्या आपल्या हॉलमध्ये बसून बरोब्बर सांगणार; स्वतःचा चष्मा मात्र कपाळावर असताना घरभर शोधणार. ऑफिसने भाडं वाचवायला अर्धी जागा सोडली आणि सगळ्यांच्या हातात लॅपटॉप देऊन त्यांना घरी बसवलं. सुरुवातीला साटमांनी या घरी बसण्याला भरपूर नावं ठेवली. मीटिंग सुरू झाली की नीलमवहिनींचा मिक्सर सुरू. साहेब बोलायला लागले की कुकरची शिट्टी. "अगं, मीटिंग चाललीय!" असं साटम ओरडले की आतून "मग विचारा तुमच्या साहेबांना, त्यांच्या घरी चटणी लागत नाही का!" असं उत्तर यायचं, आणि ते साहेबांनाही ऐकू जायचं.

आता घरात मिक्सर वाजत नव्हता, कारण नीलमवहिनी हैदराबादला होत्या. लेक अनुष्काच्या बाळंतपणाला गेल्या त्या गेल्याच. आधी ठरलं होतं, बारसं झालं की येते. मग नातवाने, म्हणजे अथर्वने, मान धरली की येते. त्याने मान धरली, तर म्हणे पालथा पडू दे. तो पालथाही पडला, पण तोवर अनुष्काची रजा संपली होती. साटम फोनवर रोज "माझं काय, माझं मजेत चाललंय" म्हणायचे आणि फोन ठेवला की स्वयंपाकघरात जाऊन नुसतेच उभे राहायचे. एकदा तर मीटिंग चालू असताना त्यांनी उगाचच मिक्सर लावून पाहिला. (रिकामाच. मोटर जळेल म्हणून लगेच बंदही केला.)

बायकोची आठवण येते हे पुरुषमाणूस सरळ सांगत नाही, रेंज येत नाही म्हणतो. साटमांनीही साहेबांना तेच सांगितलं. घरी रेंज नाही, बाहेर कुठेतरी बसतो. साहेबांनी होकार दिला, पण आधी स्वाती मॅडमचं ट्रेनिंग घ्यायला लावलं. स्वाती मॅडमनी स्क्रीनवरून तासभर साटमांना घाबरवलं. लॅपटॉप क्षणभरही नजरेआड करायचा नाही. हरवला तर लोकांची सगळी माहिती चोराच्या हातात, आणि प्रकरण थेट नोकरीवर. शिवाय बॅग लॅपटॉपची आहे असं वाटता कामा नये, चोराला ती लांबून कळते.

पहिल्या दिवशी साटम एका कॅफेत बसले. बसायचं म्हणून कॉफी घेतली, कुणी उठवू नये म्हणून आणखी एक घेतली, आणि मग जे व्हायचं ते झालं. नजरेआड करायचा नाही म्हणून लॅपटॉप घेऊनच ते टॉयलेटमध्ये गेले. आत दाराला साधी खुंटी नव्हती. लॅपटॉप काखेत, चार्जर दातांत आणि चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर, अशा अवस्थेत साटमांनी निभावून नेलं. बाहेर आले तर त्यांच्या टेबलावर कॉलेजची पोरं केक कापत होती.

घरी येऊन ते दारामागे चपला काढत होते, तेव्हा खिळ्याला लटकलेली पिशवी दिसली. नीलमवहिनींची भाजीची पिशवी. जुन्या पडद्याच्या कापडाची, हिरव्या चौकटींची. त्या गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. साटमांनी ती काढली आणि इकडेतिकडे बघून (घरात कुणी नव्हतं, तरी) नाकाशी धरली. वाळलेल्या कोथिंबिरीचा वास आला. नोकरी गेली खड्ड्यात, उठावं आणि हैदराबादची गाडी पकडावी, असं त्यांना वाटलं. पण रजा शिल्लक नव्हती. मग त्यांनी त्यातल्या त्यात जवळचा मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून त्याच पिशवीच्या तळाशी ठेवला आणि वर मेथीची जुडी टाकली. अशा पिशवीकडे कुठला चोर बघणार?

खरोखरच कुणी बघितलं नाही. साटम सोसायटीजवळच्या बागेत बाकावर बसले आणि दुपारपर्यंत त्यांनी झकास काम केलं. मग निसर्गाने पुन्हा हाक मारली. लॅपटॉप पिशवीत गेला, वर मेथी आली. पण खायची भाजी घेऊन सार्वजनिक शौचालयात कसं जायचं? नीलमने पाहिलं असतं तर पिशवीसकट त्यांनाच बाहेर उभं केलं असतं. एवढ्यात शेजारच्या बाकावर हंसाबेन येऊन बसल्या. या नीलमवहिनींच्या भाजीबाजारातल्या मैत्रीण. म्हणजे अनोळखी नव्हेत.

"हंसाबेन, जरा थैली देखना. भाजी है."

"जाव ने, दशरथभाई. आरामसे जाव."

साटम आरामात गेले. परत आले तर बाकावर पिशवी नव्हती आणि हंसाबेनही नव्हत्या.

साटमांनी बाकाखाली वाकून पाहिलं. ते धावत फाटकापाशी गेले. तिथे रखवालदार बबन तंबाखू मळत बसला होता.

"बबन, माझी पिशवी! हिरवी!"

"ती ना? बाई घेऊन गेली. काय होता तिच्यात?"

"मेथी!"

"मंग कशाला रडतंय, साहेब? कोपऱ्यावर भाजीवाला हाय."

"अरे, मेथीखाली लॅपटॉप होता!"

बबनने मळायचं थांबवलं. "मेथीखाली?"

"टॉवेलात गुंडाळून!"

"घरी कोन हाय का तुमच्या?" बबनने फार मायेने विचारलं.

घरी कोण नव्हतं, हेच तर सगळं दुखणं होतं. हंसाबेन कुठल्या बिल्डिंगमध्ये राहतात, त्यांचं आडनाव काय, नंबर काय, यातलं साटमांना ओ की ठो ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं सिल्व्हर पार्कमध्ये काढली, पण माणसं ओळखायचं खातं वहिनींकडे होतं. नाइलाजाने त्यांनी हैदराबादला फोन लावला.

"हळू बोला, आत्ताच झोपलाय," पलीकडून कुजबुज आली.

"हंसाबेनचा नंबर दे."

"तुम्हाला कशाला?"

"त्यांनी माझी मेथी नेली."

"तुम्ही मेथी आणलीत? तुम्हाला निवडता तरी येते का?"

"खायला नाही गं, लॅपटॉपवर ठेवायला!" साटमांनी मग पिशवी, टॉवेल, कॅफे, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"पण घर सोडून बागेत कशाला बसता?"

आता खोटं सुचेना. "घरात करमत नाही गं," साटम म्हणाले. "मिक्सर वाजत नाही. मी मजेत नाहीये, नीलम. तू ये."

मग वहिनी म्हणाल्या, "एवढे दिवस बोलला का नाहीत? उद्याचं तिकीट बघते."

लॅपटॉप हरवला होता, नोकरी टांगणीला होती, तरी साटमांना जो आनंद झाला तो लग्नातही झाला नव्हता. वहिनींकडून पत्ता मिळाला तसे ते दोन-दोन पायऱ्या चढत हंसाबेनच्या दारात पोचले. आतून खमंग वास येत होता. मेथी केव्हाच निवडून, चिरून, कणकेत गेली होती. लॅपटॉप टॉवेलासकट ओट्यावर होता आणि त्यावर गरम थेपल्यांचा डबा ठेवला होता.

"नीलमबेन नथी, तो मेथी कौन साफ करेगा? आप तो फेंक देते," हंसाबेन म्हणाल्या. "अंदर पाटलो था, तुम्हारा वो पाट, वो डब्बे के नीचे रखा. सारो छे!"

साटमांनी लॅपटॉप उघडून पाहिला. चालू झाला. जरा कोमट होता, एवढंच. हंसाबेननी पुढ्यात थेपलं ठेवलं, आणि कित्येक दिवसांनी कुणाच्या तरी हातचं गरम खाताना साटमांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून हंसाबेननी त्यांचा फोन घेतला आणि नीलमवहिनींना लावला.

"नीलमबेन, दशरथभाई तो सुकाई गया! आप टेन्शन मत लो. आजसे दोनो टाइम जमवानुं हमारे यहां. और वो लॅपटॉप भी इधर बैठके करेंगे. मिक्सर तो मेरा पूरा दिन चालू रहता है!"

"अहो, बरं झालं बाई!" वहिनींचा जीव भांड्यात पडला तो स्पीकरवर ऐकू आला. "यांच्याच खाण्याची काळजी होती. मग तिकीट काढत नाही. आता अथर्व बसायला लागला की येते."

साटमांनी तोंडातलं थेपलं घाईघाईने गिळलं, तोवर फोन ठेवलाही गेला होता.

तेव्हापासून लॅपटॉप अत्यंत सुरक्षित आहे. हंसाबेन त्याला क्षणभर नजरेआड होऊ देत नाहीत, साटमांनाही नाही. साटमांच्या पँटचं बटण लागेनासं झालंय. हिरवी पिशवी पुन्हा दारामागच्या खिळ्याला लटकतेय आणि साटम रोज जाता-येता तिचा वास घेतात. परवा वहिनींनी फोटो पाठवला, अथर्व बसलेला, पाठीशी उशी. साटमांनी तो मोठा करकरून पाहिला आणि घाईघाईने लिहिलं, "उशी काढून बघ. बसतो का?"

उत्तर लगेच आलं. "बसला हो बसला! पण हंसाबेनचा फोन आला होता. म्हणाल्या, तुमचं वजन वाढलंय, अथर्व रांगेपर्यंत मी इथे आरामात राहू शकते."