मागच्या चाकांचा मान

एका जंगलात, मुलांनो, एक चित्ता होता आणि त्याच्याकडे गाडी होती. हसू नका. हसणाऱ्यांना मी गोष्ट मध्येच थांबवून पाढे म्हणायला लावतो.

चित्त्याचं नाव भरधाव. सगळ्या जंगलात त्याच्याइतकं जोरात पळणारं कुणी नव्हतं. मग त्याला गाडी कशाला हवी होती? प्रश्न चांगला आहे. पण तो कुणी विचारला नाही, कारण भरधावचं लग्न ठरलं होतं. लग्न ठरलं की घरात प्रश्न विचारायचे नसतात, फक्त हो म्हणायचं असतं.

नवरी टेकडीवरची. तिचं नाव झेप. दोघं लहानपणापासून माळावर बरोबर पळायचे. पळताना बोलायचे नाहीत. दमले की एका दगडावर बसून धापा टाकायचे आणि मग उगाचच हसत सुटायचे. भरधावला ती फार आवडायची. तिलाही तो आवडायचा. खरं तर एवढं पुरेसं होतं, पण एवढ्यावर लग्न होत नाही. लग्नाला मामा लागतो.

भरधावचा मामा गेंडा होता. चित्त्याचा मामा गेंडा कसा, असं विचारू नका. मान घ्यायची वेळ आली की जंगलात नातं निघतंच.

"नवरदेव पायी गेला तर लोक काय म्हणतील?" मामा म्हणाला. "मांडवाच्या दारापर्यंत नवरदेवाचा पाय जमिनीला लागता कामा नये."

आजवर त्या जंगलातले नवरदेव घोड्यावरून जात. घोडा म्हातारा नव्हता, लंगडा नव्हता, चावत नव्हता. पण तो सगळ्यांच्याच लग्नात असायचा. मामाला ते कमीपणाचं वाटलं. म्हणून गाडी आली.

गाडी लाल होती, बुटकी होती आणि तिला टप नव्हता. तिच्यात सहाशे घोड्यांची ताकद आहे, असं कोल्ह्याने सांगितलं. कोल्हा हा गाड्यांमधला जाणकार. त्याने स्वतः कधी गाडी चालवली नव्हती, त्यामुळे त्याला सगळं माहीत होतं.

घोड्याने गाडीभोवती एक चक्कर मारली.

"सहाशे?" तो म्हणाला. "नवरदेव एकच आहे ना?"

त्याला कुणी उत्तर दिलं नाही. त्याला निमंत्रण मात्र दिलं. आपल्याकडे असंच करतात.

अडचण पहिल्याच दिवशी कळली. गाडीची सगळी ताकद मागच्या दोन चाकांना मिळायची. भरधावने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की ती चाकं जागच्या जागी गरगर फिरायची. धूर निघायचा, माती उडायची, आवाज तर विचारू नका. गाडी होती तिथेच. चाकांखाली दोन खड्डे मात्र सुरेख पडले. पुढे त्यात बेडकं राहायला आली आणि अजूनही सुखात आहेत.

"पकड नाही," कोल्हा म्हणाला. "मागच्या चाकांना पकड नाही."

त्याने मागे रुंद टायर बसवले. मग त्यातली थोडी हवा सोडली. मग मागच्या स्प्रिंगा मऊ केल्या, म्हणजे गाडी निघताना मागे दबेल. शेवटी डिकीवर एक मोठा पंख लावला.

"हा कशाला?" भरधावने विचारलं.

"गाडी जोरात जायला लागली की वारा या पंखाला खाली दाबतो. मग चाकांना पकड येते."

"पण पकड आल्याशिवाय गाडी जोरात जाणार कशी?"

"दिसतो छान," कोल्हा म्हणाला.

गाडीत एक बटण होतं. ते चालू असलं की चाक घसरू लागताच गाडी आपला जोर आपणच कमी करायची. भरधावने ते चालू केलं आणि काय आश्चर्य, गाडी मुकाट्याने चालायला लागली. मामाने ते पाहिलं.

"आपल्या घराण्यात जोर कमी करत नाहीत," मामा म्हणाला.

बटण बंद झालं.

"मग मीच पाय जरा हळू दाबू का?" भरधावने विचारलं.

"नवरदेव आहेस की गोगलगाय?" मामा म्हणाला. तोही प्रश्न तिथेच मिटला.

लग्नाचा दिवस आला. त्या दिवशी कुणी कुणाला खायचं नाही असं ठरलं होतं, त्यामुळे गर्दी भरपूर होती. मुहूर्त गोरज होता. सूर्य बुडायच्या आत अंतरपाट धरायचा. झेपच्या वडिलांनी साफ सांगितलं होतं, "आमची शिकार नदीपलीकडे गेली आहे. आम्ही तुमच्यासाठीच थांबलोय. आज लग्न लागलं तर मुलगी तुमची. नाही लागलं तर उद्या आम्ही तिला घेऊन पलीकडे जाणार."

भरधावने ते ऐकलं आणि त्याची झोप उडाली. झेप नदीपलीकडे गेली तर माळावर एकट्याने पळायचं. एकट्याने पळण्यात काही अर्थ नसतो, हे त्याला ठाऊक होतं.

वरात निघाली. मानाप्रमाणे सगळे बसले. मामा पुढच्या सीटवर, नवरदेवाच्या शेजारी. आत्या बॉनेटवर, कारण तिथून सगळ्यांना तिचा शालू दिसणार होता. भरधावची आत्या अस्वल होती. बँडवाले गवे सर्वांत पुढे चालत होते. मागच्या सीटवर फक्त खार बसली होती. ती करवली. तिच्या हातात नेहमीच्या मापाचा करा होता आणि तो तिच्यापेक्षा मोठा दिसत होता.

गाडीच्या मागे घोडा चालत होता. निमंत्रण होतं म्हणून.

सपाटीवर कशीबशी गाडी गेली. मग टेकडीचा चढ लागला. रस्त्यावर नवा मुरूम टाकला होता, खास लग्नासाठी. भरधावने पाय दाबला. सहाशे घोडे एकदम उधळले. मागची चाकं गरगरली आणि मुरुमाचा फवारा मागे उडाला. एक खरा घोडा पार लाल झाला.

गाडी तसूभर हलली नाही. सूर्य मात्र खाली सरकला.

कोल्हा वाकून चाकांकडे बघत होता. "जोर मागे आहे," तो म्हणाला, "आणि वजन सगळं पुढे आहे. मागे बसलीय फक्त खार."

"मी उड्या मारू का?" खारीने विचारलं.

"नको. जड मंडळींनी मागे यावं."

गव्यांनी बँड थांबवला.

"जड कोण?" आत्याने विचारलं.

कोल्हा दुसरीकडे बघू लागला.

"मी मुलाचा मामा आहे," मामा म्हणाला. "मला मागे बसवणार? करवलीच्या शेजारी? त्यापेक्षा मी घरी जातो."

भरधावने सूर्याकडे पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, "मामा, मंगलाष्टकं चालू असताना मामा कुठे उभा असतो?"

"नवरदेवाच्या पाठीशी," मामा म्हणाला. "ते कुणालाही विचार."

"तेच म्हणतोय मी."

मामाने विचार केला. गेंड्याने विचार करायचा म्हणजे वेळ लागतो. पण शेवटी तो उठला, मागे आला आणि बसला. गाडीचा मागचा भाग मऊ स्प्रिंगांवर दबला. रुंद टायर मुरुमात बसले. भरधावने पाय दाबला आणि गाडी सुटली. चाकं घसरली नाहीत. चढ संपत आला आणि वर मांडवाचं तोरण दिसू लागलं. भरधावच्या डोळ्यांत पाणी आलं. वारा लागला, असं त्याने खारीला सांगितलं.

गोष्ट इथेच संपली असती तर तात्पर्य सोपं झालं असतं. तुमची सुटकाही झाली असती.

"थांबव," आत्या म्हणाली.

गाडी थांबली.

"मामा मागे. म्हणजे मान मागे. आणि मुलाची सख्खी आत्या पुढे, इंजिनावर भाजतेय?"

"आत्या, मुहूर्त..."

"मुहूर्त कुणामुळे अडलाय? माझ्यामुळे?"

आत्या उतरली आणि मागे जाऊन डिकीवर बसली. ते पाहून गव्यांनी ढोल खाली ठेवले. "दर लग्नात आम्ही पुढे चालतो," त्यांचा म्होरक्या म्हणाला. "मान मागे असतो हे आम्हाला आजच कळलं." तेही एकेक करून मागे चढले. कोल्ह्याने पंखावर जागा धरली. पंखाचा तो पहिलाच उपयोग. खार पुढच्या सीटवर आली. तिला खिडकीशेजारची जागा हवीच होती.

"आता पकड बघा," पंखावरून कोल्हा म्हणाला. "भूकंप झाला तरी सुटणार नाही."

तो खरं बोलत होता. भरधावने पाय दाबला आणि गाडी सणसणत निघाली. मागची चाकं जमिनीला घट्ट. पुढची चाकं जमिनीपासून वीतभर वर.

मांडवाच्या अलीकडे रस्ता उजवीकडे वळत होता. भरधावने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. चाकं उजवीकडे वळली, पण हवेत. गाडी सरळ गेली आणि करवंदांच्या जाळीत जाऊन थांबली. मागची चाकं मुरुमात अर्धी गेली होती.

कुणाला लागलं नाही. आत्याचा शालू फाटला, तेवढंच.

मांडव समोर होता. तिथले दिवे दिसत होते, भटजींची घाई ऐकू येत होती. सूर्याची एक कड अजून शिल्लक होती. भरधाव पळाला असता तर अंतरपाट धरायच्या आत पोचून वर पाणीही प्यायला असता.

"मी उतरतो," तो म्हणाला.

"उतर," मामा म्हणाला. "पण नवरदेव पायी मांडवात गेला, तर मामा या लग्नात नाही."

घोडा जवळ आला. लाल झालेलाच होता. "माझ्या पाठीवर बैस," तो म्हणाला. "पाय जमिनीला लागायचा नाही."

"गाडी असताना घोडा?" आत्या किंचाळली. "शोभतं का ते?"

एवढ्यात मांडवातून कुणीतरी पळत आलं. झेप होती. मुंडावळ्या कानामागे उडत होत्या. नवरीने असं पळत येऊ नये, पण ती आली. गाडीशी थांबली. तिला धाप लागली नव्हती.

"उतर," ती म्हणाली. "अजून ऊन आहे. आपण दोघं पळू."

भरधावने दार उघडलं. एक पाय बाहेर काढला. तो जमिनीपासून बोटभर वर होता.

"अगं बाई, नवरदेवाचा पाय!" आत्या ओरडली.

भरधावने मागे पाहिलं. मागे मामा होता, आत्या होती, सगळे होते. सगळे फक्त बसले होते, सगळ्या वजनासकट.

त्याने पाय आत घेतला.

झेपने मुंडावळ्या सोडल्या आणि खारीच्या कऱ्यात ठेवल्या. मग ती वळली आणि माळावरून नदीच्या दिशेने पळाली. ती किती सुंदर पळायची, ते भरधावला माहीत होतं. त्याने शेवटपर्यंत पाहिलं. मग अंधार झाला.

कोल्हा खाली उतरला आणि त्याने मागच्या चाकांची तपासणी केली.

"जराही घसरलेली नाहीत," तो म्हणाला.

"मी मागे बसलो म्हणून," मामा म्हणाला.

"मीही बसले होते," आत्या म्हणाली.

जेवणाची पानं मांडली होती, ती वाया घालवायची नाहीत म्हणून सगळे जेवून घरी गेले. दुसऱ्या दिवशी घोड्याने गाडी ओढून काढली. एकट्याने. भरधाव तेव्हाही आतच बसला होता.

तात्पर्य: ज्याच्यात जोर आहे त्या तरुणाच्या पाठीशी थोरामोठ्यांचं वजन असावं. मग तो कधीच घसरत नाही. तो पोचतही नाही, पण घरच्यांना तेवढी काळजी कमी.