हिरव्या बावट्याचा चौथरा

एका समुद्राकाठच्या जंगलात, मुलांनो, इंदूआते नावाची पाणमांजर राहत असे. रोज सकाळी ती पाण्यात उतरून लाटांचा अंदाज घेई. जिथे पाणी आत खेचत नसे, तिथे किनाऱ्यावर हिरवा बावटा रोवे. तळाची वाळू सरकली, की बावटाही सरके. प्राणी त्याच्यासमोर पोहत, होड्या वल्हवत. अकरा वर्षांत कोणी बुडालं नाही. त्यामुळे तिचं काम कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढे किनारा सुधार समिती स्थापन झाली. अध्यक्ष झाले अण्णासाहेब अस्वल. त्यांना पोहता येत नव्हतं, म्हणून ते निःपक्षपाती ठरले.

"बावटा रोज जागा बदलतो," अण्णासाहेब म्हणाले. "पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही."

"अहो, खालची वाळूच जागा बदलते," इंदूआते म्हणाली.

"वाळूला शिस्त नसेल. आपल्याला आहे ना?"

ठराव झाला. सिमेंटचा चौथरा बांधून बावटा त्यात कायमचा पक्का केला. नारळ फुटला, पेढे वाटले.

आठवड्याभराने घाटावरून धोंडिबा बोकड आला. कपडे काढून थेट चौथऱ्यासमोर उभा राहिला.

"पाव्हणं, आज इथे नको," इंदूआते म्हणाली. "पाणी आत ओढतंय."

"आते, आमच्या विहिरीत मी वरनं उडी मारतो."

"विहीर कुठे जात नाही हो. हे पाणी जातं."

धोंडिबाने बावट्याकडे पाहिलं, आतेकडे पाहिलं. बावटा जास्त सरकारी दिसत होता. तो पाण्यात शिरला.

थोड्याच वेळात तो किनाऱ्याकडे पोहत होता आणि समुद्राकडे जात होता.

"ओढीशी झुंजू नका, आडवे पोहा," इंदूआते ओरडली.

"बावट्याच्या दिशेने या," चौथऱ्यावरून अण्णासाहेब ओरडले. "तीच अधिकृत जागा आहे."

धोंडिबा सरळ बावट्याकडे हातपाय मारत राहिला. दमला. नुसती शिंगं दिसू लागली. तेव्हा इंदूआतेने उडी घेतली, त्याची दाढी दातात धरली आणि त्याला आडवं ओढत पार उंडीच्या झाडापाशी बाहेर काढलं.

संध्याकाळी सभा भरली.

"बावटा दिसत होता, म्हणून धीर सुटला नाही," धोंडिबा खोकत म्हणाला. "समितीचे उपकार आहेत. बाईंनी मात्र दाढी फार ओढली."

समितीने चौथऱ्याला रंग द्यायचं ठरवलं. इंदूआतेला नोटीस गेली: पाहुण्यास मंजूर जागेपासून दोनशे पावलं दूर बाहेर काढल्याबद्दल खुलासा करावा.

तात्पर्य, मुलांनो: बुडणाऱ्याला वाचवायचं असेल, तर मंजूर जागेवरच वाचवावं. ते जमणार नसेल, तर त्याला बुडू द्यावं. शोकसभेला खुलासा लागत नाही.