सहा नंबरचं बटण

पारिसअण्णा मगदूम काड्यापेटी विकत घ्यायचे, तेव्हा त्यातल्या तीन काड्या दुकानदारासमोरच ओढून बघायचे. एक वरची, एक मधली, एक तळातली. दुकानदार म्हणायचा, "अण्णा, अशानं पेटी घरापतोर पोचायची न्हाय." अण्णा म्हणायचे, "रिकामी पोचूदे, खरं तपासलेली पोचूदे."

माझी त्यांची ओळखही तपासणीतच झाली. सातवीत शाळा सोडलेला मी, भंडाऱ्याकडून काम शोधत कोल्हापुरात आलो होतो. कुणीतरी सांगितलं म्हणून हुपरीच्या एसटीत बसलो. शेजारी हे. त्यांनी गाडीची पाटी वाचलेली, कंडक्टरला विचारलेलं, ड्रायव्हरला विचारलेलं, तरी मला म्हणाले, "पावणं, ही हुपरीलाच जाती न्हवं?"

"पाटी तर तीच आहे," मी म्हणालो, "पण मी पहिल्यांदाच चाललोय. खात्री नाही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "दोघं नुसतं व्हय व्हय म्हणाले. तू एकटा खरं बोललास."

तेवढ्यावर त्यांनी मला शाहूपुरीमागच्या गल्लीतली आपल्या घरची माडीवरची खोली दिली. पुढं मला एका फाउंड्रीत काम लागलं, मी त्याच खोलीत राहिलो, पण अण्णांसाठी शेवटपर्यंत 'पावणं'च होतो. ते खोली सोडायला सांगतील ही धास्ती मला वर्षानुवर्षं होती. त्यांच्या कधी मनातही आलं नसेल.

धंदा त्यांचा चांदी तपासण्याचा. कसोटीच्या काळ्या दगडावर पैंजण घासायचे, वर ॲसिडचा थेंब टाकायचे आणि सांगायचे, सत्तर टक्के. म्हणजे सत्तरच. त्यांच्या शब्दावर हुपरीचे कारागीर आणि कोल्हापूरचे सराफ दोघंही गप्प बसायचे. एखादी बाई कळवळायची, "अण्णा, घासून घासून झिजवताय की!" त्यावर ठरलेलं उत्तर, "थोडी जाणारच. त्याबिगर कळत न्हाय."

त्यांच्या बायकोचं, अक्कांचं, सगळं याच्या उलटं. त्या काहीच तपासायच्या नाहीत. पहिल्या दिवशी मला जेवायला वाढलं, तेव्हा माझं नावही विचारलं नव्हतं. आमटीत मीठ आहे का हे अण्णा चाखून बघायचे, तोवर अक्का चारजणांना वाढून मोकळ्या.

मग एका साली आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. बचत गटाच्या बायकांनी शेवटच्या दिवशी अक्कांना धरून नेलं आणि अपक्ष म्हणून फॉर्म भरला. चिन्ह कपबशी, यादीत सहावा नंबर. वॉर्डाच्या निवडणुकीला मशीन पहिल्यांदाच आलं होतं. अक्का घरोघर सांगत फिरल्या, "सहा नंबरचं बटण दाबा, चहा पाजते." लोक चहा प्यायले.

निकालाला मशीनवार आकडे वाचले. आमच्या शाळेतल्या बूथवर कपबशीला एक मत.

गल्ली काय सोडते होय! दुसऱ्या दिवशी नळावर एक बाई म्हणाली, "एक अण्णांचं धरलं, तर मग अक्कानं कुणाला दिलं गं?" सगळ्या हसल्या. अक्काही हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण माझं नाव यादीतच नव्हतं. तसं बोललो, तर म्हणाल्या, "आसूंदे रे. मशीनच बिघडलं आसंल." असं म्हणून त्यांनी चहा टाकला.

पुढं दोनेक वर्षांत अक्का काविळीनं गेल्या.

त्यानंतर अण्णांनी काड्यापेट्या सोडल्या आणि मशीनमागं लागले. आधी माझा हात धरून कचेरीत नेलं आणि त्यांच्याच पत्त्यावर माझं नाव यादीत घातलं. घरापासून इतक्या लांब कुठल्यातरी कागदावर आपलं नाव आहे, याचं मला इतकं वाटलं की मी ती यादी तीनदा वाचली. मग विधानसभा असो, लोकसभा असो, यादीत सहा नंबरला जो उमेदवार असेल त्याच्याकडं जाऊन अण्णा बूथ एजंट व्हायचे. पक्ष कुठलाही. लोक चिडवायचे, "अण्णा, गेल्या टायमाला त्यांच्यात हुता की!" अण्णा म्हणायचे, "मी मशीनच्या पार्टीत हाय."

एका निवडणुकीला त्यांनी मलाही बदली एजंट म्हणून नेलं. मतदानाआधी तासभर एजंटांसमोर मशीन तपासतात; थोडी खोटी मतं टाकायची, मोजायची, पुसायची, मग सील करायचं. दारातच पोलिसानं अण्णांच्या खिशातून काळा दगड काढला.

"म्हातारबा, हे काय? कुणाला मारायचा हाय?"

"कसोटी हाय ती."

"बाहीर ठेवा."

आत केंद्राधिकारी म्हणाले, "सगळ्यांनी दोनदोन दाबा, लवकर आटपू."

"दोनानं काय कळतंय?" अण्णा म्हणाले. "बाराशे मतदार हायत, बाराशे टाका."

"अहो, सातला मतदान सुरू करायचंय!"

"मग उद्या घ्या."

"काय सांगताय काका! देशाला थांब म्हणू?"

"बरं, आत काय हाय ते तरी उघडून दावा."

"उघडलं की मशीन बाद. हात लावता येत नाही."

अण्णा विचारात पडले. "म्हंजे तपासायचं तर मोडाय पायजे. आन् मोडायचं नसलं तर इस्वास ठेवाय पायजे."

"बरोबर बोललात," अधिकारी घाम पुसत म्हणाले.

शेवटी पन्नासावर तडजोड झाली. बाकीचे एजंट बटणं दाबून आणि अण्णांना शिव्या घालून दमले. अण्णांनी वहीवर एकेक रेघ ओढली. निकाल आला. एकूणएक मत बरोबर. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. एकटे अण्णा बाकावर बसले आणि कुणी गेल्याची बातमी सांगावी तसं म्हणाले, "बरोबर आलं."

बाहेर कट्ट्यावर मी चहा आणून दिला. त्यांनी तो चाखला नाही, तसाच प्यायले. चटका बसला असणार.

"पावणं," ते म्हणाले, "अक्काच्या टायमालाबी मशीन बरोबरच हुतं."

"कशावरून?"

"ते एक मत तिचं. माझं न्हवतं."

मी कट्ट्यावर त्यांच्याशेजारी बसलो.

"तिनं फॉर्म भरायच्या आधी म्हैनाभर मी दुसऱ्याला शब्द दिलता. चाळीस वर्षं माझा शब्द फिरला न्हाय. म्हटलं, तिला गटाच्या बायका हायत, माझ्या एका मतानं काय हुतंय. त्या बायकाबी तसंच म्हणाल्या आसतील, नवराच हाय की तिचा."

"अक्कांना कळलं होतं?"

"मशीन बिघडलं आसंल म्हणाली तवा माझ्याकडं बघितलं न्हाय तिनं. जन्मात तेवढं एकदाच खोटं बोलली. दगडावर घासाय लागलं न्हाय." कप त्यांच्या हातात तसाच होता. "एकदा तरी कुठं चुकलेलं घावूदे. तिचं बोलणं तरी खरं हुईल."

मशीन कुठंच चुकलेलं घावलं नाही.

पुढच्या निवडणुकीला अण्णा अंथरुणाला खिळलेले होते. सहा नंबरच्या उमेदवाराची एजंटची चिठ्ठी माझ्या नावावर होती. निघताना त्यांनी खुणेनं बोलावलं. "पुसायच्या आधी माझं एक दाब."

अधिकारी यंदा दुसरे होते. म्हणाले, दोनदोन दाबा. मी सहा नंबरचं बटण दाबलं. मशीन लांब शिट्टी वाजवल्यासारखं ओरडलं. ते अण्णांचं. मग पुन्हा दाबलं. निकालात दिसलं, उमेदवार सहा, मतं दोन. मी वाचेपर्यंत अधिकाऱ्यांनी सगळं पुसलं आणि सीलच्या हिरव्या पट्टीवर माझी सही घेतली.

दुपारी बदली एजंटाला बसवून घरी आलो. अण्णा जागेच होते.

"किती?"

"दोन."

"एक माझं. दुसरं?"

"माझं."

"तुझं नाव तवा यादीत न्हवतं."

"आता आहे अण्णा. तुम्हीच घातलं."

"पुसलं?"

"पुसलं."

"तपासलंस?"

"तपासलं."

मग पांघरुणातून हात बाहेर काढून त्यांनी अंगठ्यानं बोटाची पेरं मोजायला सुरुवात केली. मोजायला फारसं काही नव्हतं, तरी बराच वेळ लागला.

"तिचं धरून," ते म्हणाले, "तीन झाली."