काळ्या वाळूचे लाडू

आमच्या शेजारचे शामरावकाका दर रविवारी लाडू वळतात. वाळूचे! रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळीभोर वाळू, कोळशाची पूड आणि गुळाचं पाणी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, "काका, तिळाचे का?"

"टायटॅनियमचे," काका म्हणाले. "खाऊ नको पोरी."

जालन्याच्या एका स्टील कारखान्यात भट्टीवर उभा जन्म काढलेला माणूस. रिटायर झाले आणि अंगणातच भट्टी बांधली. लाडू मातीच्या मुशीत भरायचे, ब्लोअर लावायचा. धुराने माझ्या वाळत घातलेल्या साड्यांची पार वाट लागते. भांडायला जावं तर म्हणतात, "मी धूर करून राह्यलो का? वाळूतला ऑक्सिजन काढून राह्यलो!" आणि शिकवणी सुरू.

"या वाळूत लोखंड अन् टायटॅनियम दोन्ही हाय. लोखंड कमजोर असतंय. गर्मी दिली की ऑक्सिजन सोडून मोकळं. टायटॅनियम न्हाई सोडत. लई जीव गुंतलेला." मग कोळशाकडे बोट. "अन् हा जावई. घरचं माणूस घेऊन जातो, वर म्हणतो रीतच हाय!"

मूस फोडली की निघतात लोखंडाचे चार मणी. टायटॅनियम काही हाती लागत नाही. काका मात्र खूश. रत्नागिरीला दिलेल्या लेकीला लगेच फोन. "सुमन, वाळू संपली बेटा. घेऊन ये." काकू गेल्यापासून सुमन येते ती या वाळूच्याच निमित्ताने. डबाभर वाळू, दोन दिवस मुक्काम. तेवढे दिवस भट्टी बंद, आणि काका घरभर नुसते तिच्या मागे मागे.

परवा ट्रान्सपोर्टचा टेम्पो काकांच्या दारात थांबला. सुमनने पोतंभर वाळू पाठवली होती! पाठोपाठ तिचा फोन. काकांचे हात काळे, म्हणून मीच स्पीकर लावला.

"बाबा, आता दोन वर्षं वाळूचं बघायला नको. मलाही सुट्टी मिळत नाही हो."

काकांनी पोत्यात लोहचुंबक खुपसला, बाहेर काढला. त्याला वाळूची दाट दाढी फुटली होती. एवढा अस्सल माल आणि एवढा पडलेला चेहरा!

"बेटा," काका म्हणाले, "वाळू बिलकुल बेकार निघाली. चुंबकाला चिकटतच न्हाई. तू सोत्ता निवडून घेऊन ये. जल्दी न्हाई... पण ये."

काका माझ्याकडे बघायला लागले. मी फोनजवळ तोंड नेलं आणि ओरडले, "खरंच गं सुमन, पोतं भरणाऱ्याने पार फसवलंय तुला! तूच ये बाई."