सोइलिहीची गादी

सोइलिहीने घर सोडायचं ठरवलं खरं, पण सोडायला घर त्याचं नव्हतंच. ते मोइनेशाचं, तिच्या आईकडून आलेलं. त्यांच्या बेटावर घरं बायकांची असतात. नवरा लग्न करून तिथे राहायला येतो आणि जमलं तर टिकतो.

भांडण तसं किरकोळ. मोइनेशाची बहीण महिनाभर मार्सेलहून येणार होती, म्हणून तिने नवऱ्याला गादी पडवीत हलवायला सांगितलं. बंदरातली नोकरी संपल्यापासून सोइलिही एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकतच होता. (पडवीनंतर अंगण, अंगणानंतर समुद्र, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.) तो म्हणाला, गादी माझी आहे. ती म्हणाली, मग घेऊन जा.

त्याने नेली.

मोरोनीच्या, म्हणजे त्यांच्याच शहराच्या स्टँडवर, शेअर टॅक्सीच्या टपावर गादी चढली आणि ड्रायव्हरने भाडं सांगण्याआधी त्याचं अभिनंदन केलं. प्रौढ माणूस गादी घेऊन निघाला, म्हणजे नवी बायको केली असणार. बहिणीकडे चाललोय, असं सोइलिहीने सांगितलं. मागे बसलेल्या कोळणी एकमेकींकडे बघून हसल्या. वाटेतल्या प्रत्येक गावात कुणीतरी उतरलं आणि बातमीही त्यांच्याबरोबर उतरत गेली.

मित्सामियुली गावात बहिणीने, झाइनाबाने, त्याला पोटभर माशाची आमटी आणि भात वाढला. मग ती पदराशी चाळा करत बसली. त्याच्या जुन्या खोलीत आता तिचा जावई राहत होता. दार उघडंच होतं. जिथे त्यांची आई गेली, त्या खिडकीखाली तो तरुण पाय पसरून झोपला होता.

"दादा, रात्रभर राहा ना," ती म्हणाली. "पडवीत टाकू गादी."

पडवी त्याच्या घरीही होती. तो उठला. मागे फिरायची लाज वाटली, म्हणून पुढे जाणाऱ्या टॅक्सीत बसला. रस्ता बेटाला वळसा घालून जातो. पूर्वेला गेलं की कार्थाला ज्वालामुखीचा जुना लाव्हा काळा होऊन थेट समुद्रात उतरलेला दिसतो. त्यावर साधं गवतही नव्हतं. सोइलिहीला वाटलं, आपल्यालाही आता असंच बघून लोक पुढे जातात.

फुंबुनीला टॅक्सी थांबली आणि डोंगरावरून पाऊस आला. गादी डोक्यावर घेऊन तो धावला आणि दिसेल त्या पडवीत शिरला. घर शाफिया नावाच्या विधवेचं निघालं. तिची इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर पुन्हा लग्न करण्याआधी पाळायची मुदत, नुकतीच संपली होती. तिच्या दोन भावांनी गादीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि अतिशय अदबीने त्याला खुर्ची दिली. चहा आला. गाव कुठलं, कुणाच्या घरात राहता, काम काय करत होता, अशी विचारपूस झाली. कित्येक दिवसांत त्याला एवढं कुणी विचारलं नव्हतं. तो मन मोकळं करून बोलला, मोइनेशाचं नाव तर त्याने दहादा घेतलं. धाकटा भाऊ मान हलवत फोन घेऊन परसात गेला. बऱ्याच वेळाने शाफिया स्वतः दारात आली.

"ह्यांना पुढच्या टॅक्सीत बसवा," ती भावांना म्हणाली. "नीट बसवा, थकलेत."

अंधार पडता पडता सोइलिही मोरोनीला पोचला. गादी पाणी पिऊन दुप्पट जड झाली होती. ती फरफटत तो दारात आला, तर अंगण शेजारणींनी भरलेलं. आपण तोंड उघडलं की त्या आपल्याला फाडून खातील, असं त्याला वाटलं. पण त्या त्याच्याकडे बघून एकेक करत उठून गेल्या. मोइनेशाने गादीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी ती भिंतीला टेकवली.

"मी लग्नबिग्न करायला गेलो नव्हतो," तो म्हणाला.

"माहीत आहे. फुंबुनीहून शाफियाच्या भावाचा फोन आला होता, नंबर शोधून. माणूस कसा आहे, विचारत होता."

सोइलिहीच्या छातीत काहीतरी ऊबदार हललं. आपल्याला हिने भांडून परत मागून घेतलं असणार.

"मग तू काय सांगितलंस?"

"जे आहे ते."

तो ठिबकणारी गादी उगाच सरळ करू लागला.

"आणि तिकडून काय म्हणाले?"

"मग शाफियाने फोन घेतला. खूप बोललो आम्ही. चांगली बाई आहे. रडलीसुद्धा बिचारी."

"नवऱ्याच्या आठवणीने?"

"नाही," मोइनेशा टॉवेल पुढे करत म्हणाली. "माझ्यासाठी."